‘पदच्युत’चं उदाहरण

...आणि वर पुन्हा लोक मलाच विचारतात, तुम्हाला आधी कळलं कसं नाही? अहो, कळायला काय, सगळ्यांच्या आधी मलाच कळलं होतं, कारण शब्द माझ्याकडे होता, अर्थ मी लिहिला होता, वापराची टीप मी लिहिली होती, त्या टिपेतला स्वल्पविराम मी दोनदा काढून तिसऱ्यांदा घातला होता... आता तक्रार करायची तरी कुणाकडे? व्याख्या माझीच.

तुम्ही म्हणाल, शब्दकोशाच्या कचेरीत जिवाला घोर लागावा असं असतं तरी काय? मलाही तसंच वाटायचं. खाली काचेचं दुकान, वर आम्ही. दिवसभर खालून काच कापल्याचा तो बारीक आवाज येतो, दात आंबवणारा, आणि वर चार टेबलं, भिंतीला लावलेली पोलादी कपाटं, आणि एक पंखा, जो फिरतो कमी आणि विचार जास्त करतो. माणसंही चारच. मुख्य संपादक, त्यांना आम्ही ‘सर’ म्हणतो. नामं बघणाऱ्या बाई, त्या आमच्या नामबाई. विशेषणं बघणारे ते विशेषणराव, ज्यांना साधा पाऊस कधी दिसलाच नाही, कायम मुसळधार नाही तर रिमझिम. आणि क्रियापदं बघणारा मी. पदवी नाही माझ्याकडे, जे शिकलो ते सरांच्या हाताखाली, याच टेबलावर, आणि ही नोकरी गेली तर दुसरीकडे कोण घेणार हो मला? ‘क्रियापदे पाहणारा पाहिजे’ अशी जाहिरात तुम्ही कधी वाचलीय? मी रोज वाचतो पेपर, शेवटच्या पानापर्यंत. मी नाही वाचली.

तर आमच्या संस्थापकांनी एक रीत घालून दिली होती. कोशातल्या उदाहरणाचं वाक्य रचायचं नाही. घडलेलं द्यायचं. तेही याच कचेरीत घडलेलं, आणि दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, दोघांच्या सह्यांसकट. का? तर म्हणे रचलेल्या वाक्यांतली माणसं फार शहाण्यासारखी वागतात. आता बोला. ऐकायला किती छान वाटतं ना? मीही नवीन होतो तेव्हा घरी जाऊन बायकोला कौतुकानं सांगितलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे ‘जळणे’ला काय करता?”

तिला नेमकं कसं सुचतं देव जाणे. कारण ‘जळणे’ला मागच्या खोलीची खिडकी जळाली होती. मी यायच्या आधीची गोष्ट. कोणी पेटवली नाही, असं सगळे सांगतात, आणि सगळे एकाच चालीवर सांगतात.

‘घसरणे’ला आमचे जुने हिशेबनीस जिन्यावरून घसरले, ते ठीक, जिना तसाच आहे. ‘घटस्फोट देणे’ कित्येक महिने अडलं होतं, आणि एके सकाळी विशेषणराव आले, वाक्य लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली, आणि विशेषण न वापरता रडले. ‘गहाळ होणे’... आमच्या टंकलेखक बाई एका दुपारी डबा खायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि तुम्हाला सांगतो, त्यांचं काय झालं असेल हे शोधायचं सोडून आम्ही आठवडाभर भांडलो, की गहाळ वस्तू होते, माणूस बेपत्ता होतो, म्हणजे हे उदाहरण ‘ग’ला चालणार नाही, ‘ब’साठी राखून ठेवा. राखून ठेवलंय. कपाटात आहे. आणि खुद्द संस्थापक, माणूस शिस्तीचा, गेले ते कचेरीतच, टेबलावर डोकं ठेवून, आणि दोघांच्या देखत. ‘वारणे’चा खंड यायला अजून किती अवकाश, पण सरांनी त्याच दुपारी वाक्य लिहून सह्या घेतल्या. मी म्हटलं, सर, आजच? तर म्हणाले, “त्यांना आवडलं असतं.” आवडलंही असतं. तीच तर पंचाईत आहे.

असा कारभार. आणि असं करत करत आम्ही ‘प’ला आलो.

‘पद’ झालं, ‘पदक’ झालं, ते नामबाईंच्या मुलीला शाळेत मिळालेलं, ती इथे दाखवायला आली म्हणून बसलं. पुढे आलं ‘पदच्युत करणे’. विशेषणरावांनी लगेच हात झटकले, “करणे लागलं की ते तुमचं.” आणि मी, मूर्ख माणूस, आनंदानं घेतलं. मला आवडतात हो अशी क्रियापदं, ज्यांत एकाचं काही जातं आणि दुसऱ्याच्या हाताला धूळही लागत नाही. बसलो. लिहिलं. ‘एखाद्यास त्याच्या अधिकाराच्या जागेवरून, त्याच्या इच्छेविरुद्ध, दूर करणे.’ बघा, कुठे काही कमी आहे का? शब्द इकडचा तिकडे करता येतो का? सरांनी वाचून नुसतं “हं” केलं, आणि सरांचं “हं” म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

पण मी तिथे थांबलो का? नाही. मी टीप लिहिली. कारण नामबाई म्हणाल्या, हे तर सगळं आधी येऊन गेलंय. ‘उ’मध्ये उचलबांगडी झाली, हिशेबनिसांना पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेलं तेव्हा. ‘ग’मध्ये गच्छंती झाली. ‘ड’ला डच्चू दिला, विशेषणरावांना कॅरमच्या संघातून. ‘न’ला नारळ दिला, त्या पातळ चहावाल्याला. मग आता हे नवीन काय? मी म्हटलं, बाई, असं कसं म्हणता. नारळ कुणालाही देता येतो. उचलबांगडीत माणूस इथून उचलून तिथे ठेवतात, तो राहतो. बडतर्फ नोकराला करतात. राजीनामा माणूस आपण होऊन देतो, निदान तसं कागदावर तरी असतं. पदच्युत व्हायला आधी माणूस चढलेला लागतो. वर बसलेला लागतो. आणि त्याला तिथेच बसून राहायचं असावं लागतं. हे सगळं मी टिपेत घातलं. ‘केवळ अधिकारी व्यक्तीबाबत वापरावे. कनिष्ठांसाठी काढून टाकणे पाहा. संबंधित व्यक्ती राजी असल्यास पायउतार होणे पाहा.’ असं भोवतीनं भिंत बांधल्यासारखं लिहिलं, एक फट ठेवली नाही. आता आत कोण अडकलं ते विचारू नका. व्याख्या माझीच.

उदाहरण मात्र नव्हतं. असणार कुठून? आमच्या कचेरीत आजवर कुणाला पदच्युत केलेलंच नाही. इथे माणसं म्हातारी होतात, घसरतात, गहाळ होतात, पण वरच्या जागेवरून कुणाला कुणी काढत नाही. कसं काढतात तेच कुणाला ठाऊक नव्हतं. ती जागा कोरी राहिली, आणि छापखान्यात पान जुळवून तयार. छापखानेवाला रोज फोन करायचा, आवाज अगदी गोड. “साहेब, तेवढी एक ओळ द्या ना. एका ओळीसाठी सगळा खंड अडलाय. कुणाचं तरी नाव घाला नि संपवा.” मी म्हटलं, नाव घालून संपवा काय, इथे आधी माणूस संपवावा लागतो.

मग सरांनी बैठक बोलावली. तुम्हाला सांगतो, सर म्हणजे काय माणूस... उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही. बोलतात तेही असं, की समोरच्याला वाटावं आपल्यालाच हे आधी सुचलं होतं. चष्मा पुसला, एक काच, मग दुसरी काच. म्हणाले, “नियम मोडायचा नाही, हे तर ठरलंय.” आम्ही माना डोलावल्या. “म्हणजे कुणाला तरी करावं लागेल.” खाली नेमकी त्याच वेळी काच कापली. विशेषणराव म्हणाले, “कुणाला?” आणि सर म्हणाले, “घाई नाही. शब्दाला योग्य माणूस मिळायला हवा.”

योग्य माणूस! कचेरीत चार डोकी, त्यात एक विचारणारे. पुढचे कित्येक दिवस आम्ही तिघं एकमेकांकडे असं बघायला लागलो, की डब्यातली भाजी पुढे केली तरी समोरचा आधी वास घ्यायचा. सर एकेकाला चहाला आत बोलवायचे. साधं बोलायचे. नामबाईंना विचारलं, “मुलगी काय म्हणते?” बाई बाहेर आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. मला म्हणाल्या, “माझी मुलगी कशाला काढली त्यांनी? आजवर कधी विचारलं नाही.”

मी मात्र बिनघोर होतो. खरं सांगतो. घरी आलो की पोटभर जेवायचो. बायको म्हणायची, “अहो, तुमच्या कचेरीत कुणाला तरी काढणार म्हणतायत, आणि तुम्ही भात परत मागताय?” मी म्हटलं, अगं, टीप वाच. अधिकारी व्यक्तीबाबत वापरावे. मी कोण? सहायक. सहायकाला पदच्युत करताच येत नाही, भाषा परवानगी देत नाही. मला काढलं तर ते ‘काढून टाकणे’ होईल, आणि ‘काढणे’ ‘क’मध्ये कधीच छापून झालंय. बायको म्हणाली, “हे तुम्ही लिहिलंत?” म्हटलं, हो. “सरांनी वाचलंय?” म्हटलं, अर्थात वाचलंय. उरलेला भात तिनं झाकून ठेवला.

आणि त्याच आठवड्यात मला बढती मिळाली.

उपमुख्य संपादक. असं पदच आमच्याकडे नव्हतं हो, माझ्यासाठी नवीन काढलं. सरांनी स्वतः हार नाही, काही नाही, फक्त माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही, म्हणाले, “फार आधी द्यायला हवं होतं.” नवी खुर्ची आली, हात असलेली, गादीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. नंतर कळलं, सरांनीच सांगितलं होतं काढू नका म्हणून. परत करायची झाली तर दुकानदार कुरकुर करतो ना. विशेषणराव येऊन “हार्दिक, मनःपूर्वक, सप्रेम” असं म्हणाले आणि अभिनंदन म्हणायचं विसरले. नामबाईंनी तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण रुग्णालयात खाटेवरच्या माणसाकडे बघून म्हणतो, आज बरा दिसतोयस.

घरी सांगायची चोरी. पण मेहुण्याला कुठून तरी कळलं, तो आला मिठाई घेऊन, “भाऊजी, आता तुम्ही मोठे साहेब, आता आम्हाला ओळख दाखवा.” सासूबाईंचा फोन, आमच्या मुलीला आता कुठे सुख लागलं म्हणून. आणि बायको, जिनं सगळं ओळखलं होतं, ती सगळ्यांसमोर हसत होती आणि माझ्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती, कारण तो मी चौथ्यांदा भरून घेतला होता. सगळे गेल्यावर म्हणाली, “नको म्हणून सांगा. मला ही बढती नको, म्हणा.” मी म्हटलं, अगं, कारण काय सांगू? माझीच व्याख्या मला भोवणार आहे, हे सांगू? ती म्हणाली, “मग त्याच व्याख्येतून बाहेर पडायची वाट काढा. एवढा लिहिताना जीव काढलात, एखादं दार ठेवलं असेल.”

आणि तुम्हाला सांगतो, दार होतं. इच्छेविरुद्ध! मीच लिहिलं होतं, इच्छेविरुद्ध. म्हणजे मी राजी असलो तर? तर ते पदच्युत करणं होतच नाही. पायउतार होणं होतं. दुसऱ्या दिवशी उठलो, दाढी केली, चांगला सदरा घातला, सरांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “सर, मला खुशाल काढा. माझी आनंदानं तयारी आहे.” सरांचा चेहरा असा पडला, असा पडला... म्हणाले, “आनंदानं?” म्हटलं, “अगदी नाचत.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “मग उपयोग नाही,” म्हणाले.

काय सांगू त्या दिवसांची मजा. रोज सकाळी ते विचारायचे, “आज काय वाटतं?” मी म्हणायचो, “सर, आज तर फारच जावंसं वाटतंय.” ते निमूट परत फिरायचे. छापखानेवाला फोनवर गोड गोड होत चालला होता, पार पाकातून काढल्यासारखा. मी माझ्या नव्या खुर्चीत बसून पाय हलवायचो, प्लास्टिक चुरचुर वाजायचं. मला वाटलं, जिंकलो. सरांना हरवलं. ज्या माणसानं मला शब्दाच्या आत बघायला शिकवलं, त्यालाच मी शब्दात पकडलं. हे मला वाटलं तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. कारण सर कधीच घाई करत नाहीत.

एके दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. हातात चिठ्ठ्यांचं एक जुनं, जाड पुडकं. दोरीनं बांधलेलं. टेबलावर ठेवलं. म्हणाले, “‘करणे’.”

आता तुम्हाला हे कळणार नाही, तुमचा दोष नाही. ‘करणे’ म्हणजे भाषेतलं सगळ्यात मोठं क्रियापद. सगळं त्याच्यात येतं. स्वयंपाक करतात, प्रेम करतात, खून करतात, उशीर करतात, एकच शब्द. ‘क’चा खंड छापून झालाय, पण त्यातलं ‘करणे’ चुकलेलं आहे, मुळातून चुकलेलं आहे, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, सरांना आणि मला. आणि सर ते कुणाला हात लावू देत नव्हते. मी नवीन असताना एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, अजून नाही. तेच आता म्हणाले, “नव्या आवृत्तीसाठी. तुमच्याशिवाय कोण करणार?” आणि मला खिडकीजवळची जागा दिली, जिथे उजेड डावीकडून येतो.

मी दोरी सोडली. संपलो की हो मी तिथे. दिवस कळेना, जेवण कळेना. खाली काच कापली जातेय की नाही तेही ऐकू येईना. चिठ्ठ्या मांडायच्या, पुन्हा मांडायच्या, आणि हळूहळू त्या क्रियापदाच्या आत एक रस्ता दिसायला लागला, जो आजवर कुणाला दिसला नव्हता... माझी मान आखडली, डोळे लाल झाले, आणि मी इतका सुखी उभ्या जन्मात नव्हतो. सकाळी सर विचारेनासे झाले. मी तेही विसरलो. आणि एक दिवस ते मागे येऊन उभे राहिले, मला कळलंही नाही कधीपासून, आणि मी आपला मान वर न करता बोलून गेलो, “सर, एवढं होईपर्यंत मला इथून कुणी उठवू नका.”

मागून अगदी हळू, जसं पेंगुळलेल्या मुलाला विचारावं तसं, “म्हणजे आता जायची इच्छा नाही ना?”

माझ्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. मी मागे वळलो. ते हसत नव्हते. दुष्टपणा नव्हता हो चेहऱ्यावर, तेच भयंकर होतं. समाधान होतं. शब्दाला माणूस मिळाल्याचं समाधान. म्हणाले, “सोमवारी करू. सकाळी. दोघे साक्षीला आहेतच.” आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नंतर घरून ‘करणे’ पूर्ण करून पाठवलंत तरी चालेल,” म्हणाले.

घरून! कपाटं इथे, चिठ्ठ्या इथे, माझा सगळा जन्म इथे, आणि मी घरून करू? पण बोलणार काय, व्याख्या माझीच.

संध्याकाळी जिन्यात नामबाई थांबल्या होत्या. पदर सारखा करत, इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “तुम्हाला एक विचारू? अधिकाराच्या जागेवर बसलेला, आणि जायची मुळीच इच्छा नसलेला... असा आपल्याकडे खरा माणूस कोण आहे?” मी म्हटलं, “बाई, काय बोलताय.” त्या म्हणाल्या, “संस्थापकांच्या घटनेत आहे. बाकीचे सगळे संपादक एक झाले की मुख्य संपादकाला दूर करता येतं. ठराव मात्र उपमुख्यानं मांडायचा. आजवर उपमुख्यच नव्हता, म्हणून कुणी वाचलं नाही.” विशेषणराव वरच्या पायरीवर उभे होते. ते कधी नव्हे ते दोनच शब्द बोलले, “मी तयार.”

आता तुम्ही मला सांगा, मी काय करायला हवं होतं? नाही, सांगाच. तुम्हाला घरी बसून ‘करणे’ येतं? मी रस्ताभर सरांची बाजू घेतली, आपल्याशीच भांडलो, आणि घरी पोचलो तर बायकोनं दार उघडून चेहरा बघितला आणि एवढंच विचारलं, “ते, की तुम्ही?” मी चपला काढत काढत म्हटलं, “ते.” तिनं माझ्यासाठी पान वाढलं. पण त्या दिवशी मी भात परत मागितला नाही.

सोमवारी सर वेळेवर आले. चौघं बसलो. सरांनी आपलं वाक्य लिहून आणलं होतं, ‘मुख्य संपादकांनी उपमुख्य संपादकांना पदच्युत केले.’ सुबक अक्षर. त्यांनी ते वाचायच्या आधी मी उभा राहिलो आणि ठराव मांडला. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. नामबाईंनी हात वर केला. विशेषणरावांनी हात वर केला. पंखा फिरायचा थांबला, वीज गेली असेल, असेल काय, गेलीच होती.

सर बघत राहिले. आमच्याकडे नाही, टेबलाकडे. मग म्हणाले, “संबंधित व्यक्तीला विचारायला हवं, राजी आहे का.” आणि त्यांनी आपलं आपणच उत्तर दिलं. “राजी नाही. माझी जायची इच्छा नाही. लिहून घ्या.” आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा फाटला... तुम्हाला सांगतो, तो कोशासाठी फाटला की खराच फाटला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यांना हे सगळं मुळापासून दिसत होतं का? उपमुख्य केलं ते मला काढायला, की ठराव मांडायला कुणी तरी असावं म्हणून? मी विचारलं असतं. धीर झाला नाही.

मी वाक्य लिहिलं. ‘तिन्ही संपादकांनी एकमताने मुख्य संपादकांना पदच्युत केले.’ त्यांनी मागून घेतलं, वाचलं, लाल पेन उघडलं. “‘एकमताने’ कापा,” म्हणाले. “वाक्य क्रियापदासाठी आहे. त्यात फुशारकी नको.” साक्षीच्या सह्या बघितल्या. पेनाला टोपण लावलं, पेन माझ्यासमोर ठेवलं, आणि जिना उतरून गेले. खालच्या काचवाल्यानं विचारलं म्हणे, “आज लवकर?” तर म्हणाले, “हो, आज काम झालं.”

छापखानेवाल्याला दुपारीच ओळ दिली. खंड निघाला. पान उघडून बघा तुम्ही, एकही चूक सापडणार नाही. मी मुख्य झालो. मेहुणा पुन्हा मिठाई घेऊन आला. आणि मला वाटलं, सुटलो, शब्द छापून झाला, संपला.

शब्द छापल्यावर संपतो होय? असं वाटतं लोकांना. अहो, छापेपर्यंत तो आमचा असतो, कपाटात, दोरी बांधून. छापला की लोक वापरायला लागतात. खंड बाजारात येऊन महिना झाला नाही तोवर खालच्या काचवाल्याला त्याच्या पुतण्यांनी दुकानातून दूर केलं. आले होते वर, टीप दाखवायला, “काका राजी नव्हते, म्हणजे बरोबरच झालं ना?” म्हटलं, बरोबर झालं. आमच्या इमारतीनं आपला अध्यक्ष काढला, सूचनाफलकावर माझी व्याख्या शब्दशः, खाली माझं नाव. घरी सासूबाईंनी मेहुण्याच्या हातून किल्ल्या काढून घेतल्या, तो माझ्याकडे आला रडत, “भाऊजी, हे असं कुणी करतं का?” मी काय सांगणार? आधी कुणी करत नव्हतं. कसं करतात ते ठाऊक नव्हतं. आम्ही नीट, सोप्या भाषेत, उदाहरणासकट समजावून दिलं.

‘करणे’? ते राहिलं ना तसंच. मुख्य झाल्यावर वेळ कुठे मिळतो. रोज पत्रं, छापखाना, बैठका. पण इच्छा विचाराल तर आहे हो, फार आहे, त्या खोलीतून हलायची माझी मुळीच इच्छा नाही, आणि हे मी परवा नामबाईंसमोर बोलून गेलो. त्या म्हणाल्या, “हो का?” आणि चिठ्ठीवर काही तरी टिपलं. काल विशेषणरावांना बढती दिली मी. देणार नव्हतो, पण बाई म्हणाल्या, पद रिकामं का ठेवायचं, आणि बोलल्या असं, की मला वाटलं हे आपल्यालाच आधी सुचलं होतं.

आता वर दोघांची बैठक चालू आहे. दार लावलंय. मला म्हणाले, सर, तुम्ही जरा खाली जाऊन चहा घेऊन या, घाई नाही. म्हणून तर तुमच्याशी बोलत बसायला वेळ मिळाला... तुम्हाला काही काम नाही ना? मग बसा थोडं. मलाही आता काही विशेष नाही.